शेवटच्या सेकंदाची शिट्टी: वाजवावी की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा २०१९ चा व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न हा उपांत्य सामना तुम्ही मुलासोबत पाहिला. सेकंदसुद्धा शिल्लक नव्हतं तेव्हा पंचांनी फाऊल दिला, तीन फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे शॉट) पडले आणि ऑबर्न एका गुणाने हरलं. मुलगा म्हणाला, एवढ्या शेवटी पंचांनी मध्ये पडायलाच नको होतं. तुम्हालाही ते पटलं. म्हणून तुम्ही विचारता की शेवटच्या क्षणी पंचाने शिट्टी वाजवावी का, एवढे वाद होतात तर व्हिडिओ पाहून सोडवत का नाहीत, आणि चूक उघड झाली तर निकाल बदलता येतो का.

मी महाराष्ट्रात कॉलेज आणि विद्यापीठ पातळीवर बरीच वर्षं पंचगिरी केली आहे आणि आता नव्या पंचांना शिकवतो. शिकवताना अमेरिकन कॉलेजचे सामने पुन्हा पुन्हा लावतो. तिथे प्रत्येक शेवटचा क्षण चार-पाच कोनांतून पाहता येतो आणि चुकांची चर्चा उघडपणे होते, त्यामुळे शिकायला भरपूर मिळतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: वाजवावी. त्या सामन्यातला तो फाऊल बरोबर होता. पंचांची चूक झाली ती त्याच्या काही सेकंद आधी, आणि ती चूक शिट्टी न वाजवण्याची होती.

६ एप्रिल २०१९, मिनीॲपोलिस. ऑबर्न ६२-६० ने पुढे. व्हर्जिनियाचा टाय जेरोम घाईघाईने चेंडू पुढे आणतोय. चेंडू त्याच्याच पायाला लागून मागे सुटतो, तो वळून दोन्ही हातांनी उचलतो आणि पुन्हा ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणं, सुरू करतो. इथे बारकावा लक्षात घ्या. सुटलेला चेंडू त्याने एका हाताने टिपून ड्रिबल चालू ठेवला असता तर ते नियमात बसलं असतं. दोन्ही हात लागले तिथे ड्रिबल संपला, त्यानंतरचा प्रत्येक टप्पा म्हणजे डबल ड्रिबल. ती शिट्टी वाजली असती तर चेंडू ऑबर्नकडे गेला असता आणि दोन गुणांची आघाडी घेऊन त्यांना फक्त काही सेकंद काढायची होती. ती वाजली नाही. ऑबर्नच्या खात्यात अजून फाऊल शिल्लक होते, म्हणजे फाऊल केला तरी समोरच्याला फ्री थ्रो मिळणार नव्हते, म्हणून ब्राइस ब्राउनने जेरोमला मुद्दाम धरलं. १.५ सेकंद उरले. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत आला, कोपऱ्यात व्हर्जिनियाच्या काइल गायने तीन गुणांसाठी उडी घेतली आणि ऑबर्नचा सॅमिर डाउटी त्याच्यावर झेपावला. चेंडू रिंगला लागून बाहेर गेला, ऑबर्नची मुलं आनंदाने उड्या मारायला लागली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शिट्टी वाजली आहे. ०.६ सेकंद शिल्लक. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले. ६३-६२.

टीव्हीच्या पहिल्या कोनातून पाहिलं की वाटतं, डाउटीचा हात गायच्या हाताला लागलाच नाही, मग फाऊल कसला? पण पंच फक्त हात पाहत नाही. उडी मारलेल्या शूटरला त्याची जागा असते, वर जाण्याची आणि खाली उतरण्याची. बचाव करणाऱ्याने स्वतःच्या जागेतून सरळ वर उडी मारली, हात वर ठेवले आणि धक्का लागला, तरी तो फाऊल नाही. डाउटी सरळ वर गेला नाही. तो पुढे आणि बाजूला सरकत गेला आणि त्याचं कमरेखालचं अंग हवेत असलेल्या गायवर आदळलं. स्पर्धेच्या पंचांचे प्रमुख जे. डी. कॉलिन्स यांनीही नंतर हेच कारण दिलं: बचावपटू हवेतल्या शूटरच्या अंगावर गेला, म्हणून फाऊल. कोपऱ्याजवळ उभ्या असलेल्या पंचाला हे समोर दिसत होतं. त्याने पाहिलं आणि वाजवलं. सत्तर हजारांच्या आसपास माणसं बसलेल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, अशा वेळी, हे सोपं नाही. मी तो क्षण मुलांना दाखवतो तेव्हा पंचाच्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे पाहायला सांगतो. त्याचे पाय स्थिर आहेत. पाहताना तो धावत नाहीये.

आता ‘शेवटी खेळू द्यावं’ या म्हणण्याकडे येतो, कारण तुमच्या मुलाचा खरा मुद्दा तो आहे आणि आपल्याकडच्या प्रशिक्षकांच्या तोंडीही तो नेहमी असतो. या म्हणण्यामागे एक समजूत असते की शिट्टी वाजवणं म्हणजे पंचाने काहीतरी करणं, आणि न वाजवणं म्हणजे काहीच न करणं. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला द्यायची परंपरा आहे, तिथे अंपायरने बोट वर केलं नाही तर खेळ जिथे होता तिथेच राहतो. बास्केटबॉलमध्ये अशी तटस्थ जागा नाही. डाउटीचा फाऊल दिला नसता तर तो निर्णय ऑबर्नच्या बाजूने झाला असता. जेरोमचा डबल ड्रिबल सोडला, तो व्हर्जिनियाच्या बाजूने झाला. न वाजलेली शिट्टी कोणाच्या तरी पदरात पडतेच, फक्त तिचा आवाज होत नाही म्हणून प्रेक्षकांना ती पंचाची करणी वाटत नाही. आणि बचाव करणाऱ्या संघाला जर खात्री झाली की शेवटच्या दहा सेकंदांत काहीही केलं तरी चालतं, तर तो काहीही करतो. शूटरचे हात धरले जातात, मोकळ्या जागेकडे पळणाऱ्याला ढकललं जातं. मी हे आपल्या मैदानांवर पाहिलं आहे. पंच ‘आता देणार नाही’ हे खेळाडूंना एका झटक्यात कळतं.

म्हणून मी शिकवतो तो निकष एकच आहे: हाच धक्का सामन्याच्या पाचव्या मिनिटाला झाला असता तर तुम्ही काय केलं असतं? जे तेव्हा, तेच आता. जास्त नाही, कमीही नाही.

‘कमीही नाही’ एवढंच लोक ऐकतात, म्हणून ‘जास्त नाही’ याची उदाहरणं देतो. ११ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जटाउन आणि व्हिलानोव्हा यांचा सामना बरोबरीत होता आणि घड्याळात ०.१ सेकंद उरलं होतं. जॉर्जटाउनचा जॉनथन वॉलेस बाजूच्या रेषेला धरून धावत होता, बास्केटपासून साधारण सत्तर फूट लांब. व्हिलानोव्हाच्या कोरी स्टोक्सचा त्याला हलका स्पर्श झाला. शिट्टी वाजली, वॉलेसने दोन फ्री थ्रो टाकले, जॉर्जटाउन जिंकलं. स्पर्श झाला होता का? झाला होता. त्या स्पर्शाने वॉलेसचं काही गेलं का? ०.१ सेकंदात सत्तर फुटांवरून तो काय करणार होता? धक्क्याचा परिणाम झाला की नाही, हे पाहणं पंचाच्या कामाचा अर्धा भाग आहे. परिणाम नसलेला स्पर्श पाचव्या मिनिटालाही सोडायचा असतो आणि शेवटच्या क्षणीही.

१९८९ ची अंतिम लढत याहून अवघड आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. सिएटल, मिशिगन विरुद्ध सीटन हॉल, जादा वेळ, सीटन हॉल ७९-७८ ने पुढे. मिशिगनचा रूमील रॉबिन्सन आत घुसला आणि जेरल्ड ग्रीनचा त्याला धक्का लागला असं पंच जॉन क्लोअर्टी यांना दिसलं. तीन सेकंद उरले होते. रॉबिन्सनने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मिशिगन ८०-७९ ने विजेतं झालं. क्लोअर्टी हे त्या काळातले अत्यंत मानाचे पंच होते, पुढे ते एका मोठ्या कॉन्फरन्सच्या (कॉलेज संघांच्या गटाच्या) पंचांचे प्रमुख झाले. त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की तो फाऊल परत घेता आला असता तर घेतला असता. मी त्या खेळाची चित्रफीत खूपदा पाहिली आहे. स्पर्श आहे, पण अगदी किरकोळ. सीटन हॉलचे प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांनी त्या रात्री पंचांवर चिखलफेक केली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ऑबर्नचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनीही २०१९ मध्ये तसंच केलं; सामना त्या एका निर्णयासाठी लक्षात राहू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

महिलांच्या बास्केटबॉलमधला अलीकडचा मोठा वाद ५ एप्रिल २०२४ चा, क्लीव्हलँडमधला. आयोवा ७०-६९ ने पुढे, चेंडू कनेक्टिकटकडे. पेज बेकर्सला मोकळं करण्यासाठी आलिया एडवर्ड्सने गॅबी मार्शलला स्क्रीन लावला, म्हणजे तिच्या वाटेत उभी राहून तिला अडवलं. ३.९ सेकंद उरले असताना पंचांनी एडवर्ड्सला ऑफेन्सिव्ह, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या खेळाडूचा, फाऊल दिला. शॉट झालाच नाही आणि आयोवा ७१-६९ ने जिंकलं. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर स्क्रीन लावणाऱ्याने धक्क्याच्या क्षणी स्थिर असायला हवं, आणि पाय, कोपर किंवा खांदा आपल्या जागेबाहेर काढायचा नाही. एडवर्ड्स पूर्ण स्थिर नव्हती. तेवढ्यावर तो फाऊल समर्थनीय आहे. मात्र कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागेवर: असा स्क्रीन दर वेळी चेंडू घेऊन गेल्यावर कुठे ना कुठे सापडेल. हे कोणताही प्रामाणिक पंच नाकारणार नाही. प्रश्न त्या एका शिट्टीचा राहत नाही. आधीच्या एकोणचाळीस मिनिटांत तसल्या हलत्या स्क्रीनना पंचांनी काय केलं होतं? पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा वाजवली असती तर एडवर्ड्सने शेवटच्या वेळी पाय रोवून उभं राहण्याची काळजी घेतली असती. शेवटचा निर्णय पहिल्या पाच मिनिटांतच घडत असतो, असं मी मुलांना सांगतो. सुरुवातीला जी रेषा आखाल तीच शेवटी तुमच्या पाठीशी उभी राहते. ज्या संघाला ती रेषा माहीत आहे तो तक्रार करील, पण फसवल्यासारखं त्याला वाटणार नाही.

त्याच वर्षी, २०२४ मध्ये, पुरुषांच्या स्पर्धेत, सॉल्ट लेक सिटीत, कॅन्सस ९०-८९ ने पुढे असताना निकोलस टिंबरलेक एकटा बास्केटकडे धावला. सॅमफर्डच्या ए. जे. स्टेटन-मॅक्रेने मागून येऊन चेंडू अडवला. १४.७ सेकंद उरले होते. फाऊल. रिप्लेत हात थेट चेंडूवर दिसतो. कॅन्सस ९३-८९ ने जिंकलं. वेगाने पळणाऱ्या दोघांच्या मागे पंच राहिला की त्याला पाठ दिसते, हात दिसत नाही. धडक होणार असं वाटतं आणि ओठ शिट्टीवर आवळले जातात. माझ्या वर्गातला हा सगळ्यात कडक नियम आहे: पाहिलंत ते द्या, झालं असेल असं वाटतंय ते देऊ नका. न दिसलेला फाऊल देणं आणि दिसलेला फाऊल सोडणं, दोन्ही सारखंच वाईट.

पण या सगळ्या नजरेच्या आणि अंदाजाच्या गोष्टी झाल्या. माणूस दोन डोळ्यांनी दहा खेळाडू पाहतो, चुकतो. मला ज्याचा मनापासून राग येतो ती चूक वेगळी आहे, आणि तिचं उदाहरण ९ मार्च २०११ चं आहे. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बिग ईस्ट कॉन्फरन्सची स्पर्धा, सेंट जॉन्स ६५, रटगर्स ६३. रटगर्सचा लांबचा पास सेंट जॉन्सच्या जस्टिन ब्राउनलीने अडवला, तो आनंदात चेंडू घेऊन पावलं टाकत सुटला, बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. हे सगळं घड्याळ संपण्याच्या आत. नियमाप्रमाणे चेंडू रटगर्सला मिळायला हवा होता आणि साधारण १.७ सेकंद उरायला हवे होते. तेवढ्यात एक पास आणि एक शॉट होतो. पण तिन्ही पंच मैदान सोडून निघाले होते. कॉन्फरन्सने त्याच दिवशी दोन चुका मान्य केल्या आणि ते तिघे उरलेल्या स्पर्धेतून बाजूला झाले. तिघेही नावाजलेले, अनुभवी. त्यांना ट्रॅव्हलिंग (टप्पा न देता चेंडू घेऊन चालणं) कळत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांच्या मनात सामना संपला होता आणि घड्याळात तो चालू होता.

डबल ड्रिबलही थोडा याच जातीचा आहे. शेवटच्या क्षणी पंचांचं डोकं पुढच्या गोष्टीकडे धावतं: आता फाऊल होईल, शॉट होईल, घड्याळ पाहायला हवं. मग समोर घडणारी साधी गोष्ट निसटते. १९९३ च्या अंतिम सामन्यात मिशिगनचा क्रिस वेबर आपल्याकडे टाइमआउट शिल्लक नसताना टाइमआउट मागून बसला, टेक्निकल फाऊल (धक्क्याचा नव्हे, नियम किंवा शिस्त मोडल्याचा) मिळाला आणि नॉर्थ कॅरोलायना ७७-७१ ने जिंकलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधी रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेतल्यावर त्याने उघड उघड ट्रॅव्हलिंग केलं होतं आणि ते सुटलं, हे फारसं कोणी बोलत नाही. ते दिलं असतं तर तो प्रसिद्ध टाइमआउट घडलाच नसता.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. टाइमआउटमध्ये तिन्ही पंचांनी एकत्र यायचं आणि मोठ्याने बोलायचं: किती सेकंद, कोणाकडे किती फाऊल, किती टाइमआउट, चेंडू कुठून आत येणार, शेवटच्या शॉटचा बझर कोण पाहणार. तिघांच्या रचनेत ती जबाबदारी साधारणपणे स्कोअरच्या टेबलासमोरच्या, पलीकडच्या बाजूच्या पंचाकडे असते. त्याने चेंडू हातातून सुटणं आणि बॅकबोर्डचा लाल दिवा, एवढंच पाहायचं. धक्का दुसऱ्याने पाहायचा. बझर वाजल्यावर टेबलकडे वळायचं, स्कोअरर आणि टायमरशी नजरानजर करायची आणि मगच निघायचं. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत दोनच पंच असतात आणि उघड्या कोर्टवर टायमर कधीकधी स्टॉपवॉच घेऊन बसलेला एखादा विद्यार्थी असतो. तिथे तर सामना सुरू होण्याआधी त्या मुलाशी दोन मिनिटं बोललंच पाहिजे. शेवटी तोच सामना ठरवू शकतो.

घड्याळाचं सांगतो म्हणून ११ फेब्रुवारी २००८ कडेच परत जावं लागतं. जॉर्जटाउनच्या सामन्याच्या त्याच संध्याकाळी नॉक्सव्हिलमध्ये महिलांच्या सामन्यात रटगर्स ५८-५७ ने पुढे होतं. टेनेसीच्या निकी अनोसिकेने रिबाउंड घेतला आणि फाऊल झाला. घड्याळात ०.२ सेकंद. तिने दोन्ही फ्री थ्रो टाकले, टेनेसी ५९-५८. नंतर चित्रफितीत दिसलं की घड्याळ ०.२ वर एका सेकंदाहून जास्त वेळ अडकून पडलं होतं. ते चालू राहिलं असतं तर फाऊल व्हायच्या आधीच सामना संपला असता. पंचांनी टेबलाजवळच्या व्हिडिओ मॉनिटरवर पाहिलं होतं, पण त्यांनी पाहिलं ते फाऊलच्या वेळी घड्याळात काय दिसतंय ते. घड्याळ स्वतःच खोटं बोलतंय का, हा प्रश्न मनात यायला वेगळी सावधगिरी लागते. मोठ्या सामन्यांत पंचाच्या पट्ट्याला बांधलेलं यंत्र शिट्टीचा आवाज ओळखून घड्याळ थांबवतं. टायमरच्या बोटाला लागणारा वेळ त्यामुळे वाचतो, पण घड्याळ पुन्हा सुरू करायला आणि ते नीट चालतंय हे पाहायला माणूसच लागतो.

व्हिडिओबद्दल. तुम्हाला वाटतं तितकं ते कोरं क्षेत्र नाही. अमेरिकन कॉलेजमध्ये मॉनिटर फार पूर्वीपासून आहे. शॉट वेळेत सुटला का, दोन गुण की तीन, घड्याळ बरोबर आहे का, हे पंच पाहतात. पण धक्का फाऊल होता की नाही हा निर्णयाचा प्रश्न पुन्हा पाहिला जात नाही. डबल ड्रिबल आणि ट्रॅव्हलिंगही नाही. म्हणूनच २०१९ मध्ये स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर काय दिसलं याला अर्थ नव्हता. २०१५ मध्ये यूसीएलए आणि एसएमयू या विद्यापीठांच्या सामन्यातही तेच झालं. ब्राइस अल्फोर्डचा लांबचा शॉट खाली येत असताना यानिक मोरेराने त्याला हात लावला, पंचांनी गोलटेंडिंग देऊन तीन गुण दिले आणि यूसीएलए ६०-५९ ने जिंकलं. चेंडू रिंगमध्ये जाण्याची शक्यता होती की तो बाहेरच चालला होता, यावर आजही लोक भांडतात. तेव्हा ते मॉनिटरवर पाहायची मुभा नव्हती. २०१७ मध्ये उलटं घडलं: गोन्झागाच्या झॅक कॉलिन्सने रिंगमधून हात वर घालून नॉर्थवेस्टर्नचा शॉट अडवला, ते कोणी दिलं नाही, चिडून मैदानात आलेल्या नॉर्थवेस्टर्नच्या प्रशिक्षकालाच टेक्निकल फाऊल मिळाला. कॉलेज खेळांच्या संघटनेने सामन्यानंतर चूक मान्य केली. सामना गोन्झागाचाच राहिला.

आणि मॉनिटर असला तरी वाद संपत नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये टूसॉनला कोलोरॅडोच्या सबातिनो चेनने ॲरिझोनाविरुद्ध बझरच्या क्षणी तीन गुणांचा शॉट टाकला. मैदानावर तो ग्राह्य धरला गेला, मग मॉनिटर पाहून रद्द झाला. बोटाच्या टोकापासून चेंडू सुटला आहे की नाही, हे त्या गोठलेल्या चित्रातही मला आजवर ठामपणे सांगता आलेलं नाही. जादा वेळेत ॲरिझोना जिंकलं. २०२३ मध्ये व्हर्जिनियाच्या मैदानावर सामना बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी ड्यूकच्या काइल फिलिपोव्स्कीला धक्का लागला म्हणून व्हर्जिनियाला फाऊल दिला गेला. पंचांनी मॉनिटर पाहिला आणि तो काढून घेतला. व्हर्जिनिया जादा वेळेत ६९-६२ ने जिंकलं, आणि त्याच रात्री कॉन्फरन्सने कळवलं की त्याला दोन फ्री थ्रो द्यायला हवे होते. इथे चित्र स्पष्ट होतं, नियमच चुकीचा लावला गेला. पंचाने नियमांचं पुस्तक हंगामाच्या मध्यात पुन्हा का वाचावं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. असे प्रसंग एखाद्याच्या कारकिर्दीत दोनदा येतात, आणि तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

२०२५-२६ च्या हंगामापासून पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत प्रशिक्षकाला आव्हान देण्याची सोय आली आहे. हाताशी टाइमआउट असेल तर तो तीन गोष्टींना आव्हान देऊ शकतो: चेंडू कोणाला लागून बाहेर गेला, गोलटेंडिंग किंवा रिंगमधला हस्तक्षेप, आणि मदतीला आलेला दुसरा बचावपटू बास्केटखाली आखलेल्या कमानीत उभा होता का. आव्हान बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं. चेंडू बाहेर जाण्याच्या निर्णयासाठी पंचांनी आपणहून मॉनिटरकडे जायचं नाही, हेही त्यात आहे. मला हा बदल आवडतो, कारण शेवटची दोन मिनिटं पंधरा मिनिटं चालायची ती आता थोडी आवरतील. पण बघा, डाउटीचा फाऊल, जेरोमचा डबल ड्रिबल, एडवर्ड्सचा स्क्रीन, स्टेटन-मॅक्रेचा ब्लॉक, यांतलं काहीही या यादीत बसत नाही. ते बसू नये असं माझं मत आहे. संथ गतीत पाहिलं की प्रत्येक स्पर्श धक्का दिसतो. परिणाम झाला की नाही हे खऱ्या वेगातच कळतं.

निकाल बदलण्याचं उत्तर लहान आहे. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये निषेध नोंदवून निकाल फिरवण्याची सोयच नाही. चूक जाहीरपणे मान्य होते, पंचांना पुढचे सामने मिळत नाहीत, पण गुणफलक तसाच राहतो. तुम्ही रटगर्सच्या जागी असतात तर हे अन्यायाचं वाटलं असतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. पण दुसऱ्या बाजूलाही पाहा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा संघ बहुतेक कॉलेजच्या मुलांचा होता. डग कॉलिन्सने फ्री थ्रो टाकून ५०-४९ केलं आणि मग शेवटची तीन सेकंदं पुन्हा पुन्हा खेळवली गेली. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स, ज्यांना सामन्यात हस्तक्षेपाचा अधिकारच नव्हता, त्यांनी घड्याळ मागे न्यायला लावलं. तिसऱ्या खेपेला अलेक्सांदर बेलोव्हने बास्केट केलं, सोव्हिएत संघ ५१-५०. अमेरिकेने निषेध नोंदवला, पाच जणांच्या समितीने तो ३-२ ने फेटाळला. त्या मुलांनी रौप्यपदकं घेतली नाहीत, अजूनही नाहीत. मैदानातल्या पंचांच्या हातून निर्णय काढून टेबलामागच्या माणसांनी तो हातात घेतला की काय होतं, ते तिथे दिसतं.

तुमचा मुलगा आपल्याकडे खेळतो, म्हणजे फिबाच्या नियमांनी खेळतो, आणि तिथे निषेधाची सोय आहे. हे फार थोड्या खेळाडूंना माहीत असतं, म्हणून नीट सांगतो. गुणांच्या नोंदीत चूक झाली, किंवा सामन्याचं घड्याळ अथवा शॉट क्लॉक चुकीचं चाललं आणि पंचांनी ते दुरुस्त केलं नाही, तर निषेध करता येतो. फाऊल होता की नव्हता यावर करता येत नाही, तिथे वेळ घालवू नये. सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत कर्णधाराने मुख्य पंचाला सांगायचं आणि स्कोअरशीटवर निषेधासाठी जी जागा असते तिथे सही करायची. पुढची लेखी तक्रार आणि शुल्क स्पर्धेच्या नियमांप्रमाणे.  म्हणून कर्णधाराने शेवटच्या बझरनंतर रागाने बॅग उचलून निघून जायचं नाही, आधी टेबलाशी यायचं आणि स्कोअरशीट पाहायची. संघाचे गुण आणि फाऊल आपल्या बाजूने कोणीतरी सामनाभर लिहून ठेवले असतील तर तिथे उभं राहून बोलायला आधार मिळतो, नाहीतर नुसता आरडाओरडा होतो आणि पंधरा मिनिटं निघून जातात.